वीसवर आणखी एक पान

संपादक मंडळाने या वर्षीच्या स्मरणिकेसाठी लेख मागितला, तेव्हा लसीकरण किंवा स्तनपान यांपैकीच काहीतरी येईल अशी त्यांची अपेक्षा असावी. गेली अनेक वर्षे मी तेच लिहीत आलो आहे आणि वाचकांनी ते आदरपूर्वक न वाचता ठेवून दिले आहे. म्हणून यंदा विषय बदलतो. हा लेख पत्त्यांच्या एका जुगाराविषयी आहे. बालरोगतज्ज्ञाने जुगारावर लिहावे यात आमच्या काही ज्येष्ठ सदस्यांना औचित्यभंग वाटेल. त्यांनी थोडा धीर धरावा, ही नम्र विनंती.

पत्ते आपल्या पांढुर्णा-सौंसर भागाला नवे नाहीत. पोळ्याला बैल पूजून झाले, तोरण तुटले की ओट्याओट्यांवर डाव मांडले जातात. तीनपत्ती, रमी, कुठे मांग-पत्ता. पैसे लावून खेळणे हा गुन्हा आहे हे खेळणाऱ्यांनाही ठाऊक असते; १८६७ चा सार्वजनिक जुगार कायदा आपल्याकडे मध्य प्रांताच्या काळापासून लागू आहे. त्याच कायद्यात निव्वळ कौशल्याचे खेळ मात्र वगळलेले आहेत. रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली म्हटले, आणि तीनपत्ती मात्र निव्वळ नशिबाची, असा फरकही त्याच निकालात केला. मी ज्या खेळाविषयी लिहिणार आहे तो या दोहोंच्या मध्ये कुठेतरी उभा आहे. निर्णय खेळणाऱ्याचा, पान नशिबाचे. आपल्या व्यवसायाशी त्याचे जे नाते मला दिसते, ते इथेच सुरू होते.

हा खेळ मी प्रथम पाहिला तो गोव्यात. पंधराएक वर्षांपूर्वी पणजीला बालरोगतज्ज्ञांची परिषद होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही चौघे मांडवीत नांगरलेल्या एका कॅसिनो-जहाजावर गेलो. गोव्याच्या १९७६ च्या कायद्यात १९९२ साली दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रावरील खेळांना मुभा मिळाली, आणि पुढे १९९६ च्या दुरुस्तीने जहाजावर टेबलावरचे खेळही आले. त्यामुळे खरी पाने आणि खरा डीलर पाहायचा तर पाण्यावरच जावे लागते. प्रवेशाचे किमान वय एकवीस. खुद्द गोमंतकीयांना फेब्रुवारी २०२० पासून या कॅसिनोंत प्रवेश नाही. ज्याच्या अंगणात दुकान, त्यालाच दुकानाची बंदी, हा प्रकार मला उद्बोधक वाटतो. महाराष्ट्रानेही १९७६ साली कॅसिनोचा कायदा केला होता. तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३ साली रद्द झाला.

खेळाचे नाव ब्लॅकजॅक, जुने नाव एकवीस. राजा, राणी, गुलाम आणि दश्शी यांचे प्रत्येकी दहा. एक्क्याचा एक किंवा अकरा, जसे सोयीचे असेल तसे. बाकी पानांवर जो आकडा तो. प्रत्येकाला दोन पाने मिळतात. बेरीज एकवीसच्या जितकी जवळ नेता येईल तितकी न्यायची, पण एकवीस ओलांडले की डाव फुटला. लढत इतर खेळणाऱ्यांशी नसून फक्त डीलरशी असते. डीलरला स्वतःची बुद्धी वापरण्याचा अधिकार नाही. सोळापर्यंत त्याने पान घेतलेच पाहिजे, सतरा झाले की थांबलेच पाहिजे. आपल्याला मात्र चार वाटा असतात. पान घ्यावे, थांबावे, पैज दुप्पट करून एकच पान घ्यावे, किंवा सारखी पाने आली तर फोडून दोन डाव करावेत. एक्का आणि दहाचे पान पहिल्याच दोन पानांत आले तर तो ब्लॅकजॅक. तो साधारण एकवीस डावांत एकदा येतो, हा मला गंमतीदार योगायोग वाटतो. त्यावर चांगल्या टेबलावर दोनास तीन या दराने पैसे मिळतात. डीलरचे एक पान उघडे असते. दुसरे दिसत नाही.

मग कॅसिनोचे पोट कशावर भरते? आधी आपण खेळतो, या एका गोष्टीवर. आपला डाव फुटला की आपली पैज तत्काळ उचलली जाते. नंतर डीलरचाही डाव फुटला तरी ती परत मिळत नाही. कॅसिनोची सगळी मिळकत या क्रमातून येते. बाकीचे दिवे, संगीत आणि फुकटचे खाणे ही सजावट.

या खेळात प्रत्येक परिस्थितीत एक निर्णय इतरांहून बरा असतो, हे प्रथम नीट गणित करून दाखवले ते अमेरिकन सैन्यातील बाल्डविन आणि त्याच्या तीन सहकाऱ्यांनी. टेबलावरच्या साध्या गणनयंत्रांवर आकडेमोड करून १९५६ साली त्यांनी आपला निबंध तेथील संख्याशास्त्र परिषदेच्या नियतकालिकात छापला. पुढे एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाने संगणकाची मदत घेतली आणि १९६२ साली ‘बीट द डीलर’ हे पुस्तक लिहून कॅसिनोंची झोप उडवली. ते पुस्तक मी गोव्याला जाण्याआधी वाचले होते. अभ्यास करून परीक्षेला बसण्याची सवय आपल्याला जन्माची जडलेली असते. जहाजावर मी प्रत्येक डाव पुस्तकाप्रमाणे खेळलो आणि दोन तासांत तीन हजार रुपये हरलो. माझ्या शेजारी बसलेले आमचे एक अस्थिरोगतज्ज्ञ मित्र, ज्यांना परिषदेशी काही देणेघेणे नव्हते आणि पुस्तकाशी त्याहून नव्हते, ते मनाला येईल तसे पान मागत होते. ते अकरा हजार जिंकून उठले. परतीच्या गाडीत इटारसी येईपर्यंत त्यांनी मला ब्लॅकजॅक शिकवले.

आता मूळ विषय. या खेळाच्या अनेक उपजाती आहेत आणि बहुतेकींची रचना एकाच तत्त्वावर आहे. एका हाताने खेळणाऱ्याला काहीतरी आकर्षक द्यायचे, दुसऱ्या हाताने त्याहून थोडे अधिक काढून घ्यायचे. यांतली मला सर्वांत भावलेली उपजात म्हणजे ‘डबल एक्स्पोजर’. अमेरिकेत भूलतज्ज्ञ असलेल्या माझ्या एका वर्गमित्राने ती मला शिकवली. मूळ कल्पना रिचर्ड एपस्टाईन या गणितज्ञाची. १९७९ साली लास वेगासच्या एका कॅसिनोने ती टेबलावर आणली. हिच्यात डीलरची दोन्ही पाने उघडी असतात. लपलेले काहीच नाही.

ऐकणाऱ्याला वाटते, आता हरण्याचे कारणच काय? कारण नियमांत दोन ओळी बदललेल्या असतात. पहिली ओळ अशी की बरोबरी झाली तर डीलर जिंकतो. नेहमीच्या खेळात बरोबरीला पैज परत मिळते, आणि शंभरांत आठ-नऊ डाव बरोबरीत जातात; ते सगळे आता त्याच्या पदरात. दुसरी ओळ अशी की ब्लॅकजॅकवर दोनास तीनऐवजी एकास एकच मिळतो. या एका बदलाची किंमत पैजेच्या सव्वादोन टक्क्यांच्या आसपास जाते. डीलरचे पान पाहिल्याने जे मिळाले ते या दोन ओळींत फिटते आणि वर थोडी बाकी उरते. उत्तम खेळणाऱ्यालाही शेकडा सुमारे पाऊण टक्का तोटा राहतो. टेबलागणिक नियम बदलले तर त्याहून अधिक. सगळे दिसू लागले की किंमत दुसरीकडे मोजावी लागते. पूर्वी जो संशय होता त्याला आता एमआरआयने नाव मिळते. रुग्णाचे दुःख तेवढ्याने कमी होतेच असे नाही.

डाव कसा खेळावा ते सांगतो. डीलरची बेरीज बारा ते सोळा असेल आणि त्यात एक्का नसेल, तर तो अडचणीत आहे. त्याला पान घ्यावेच लागणार. बारावर त्याचा डाव फुटण्याचा संभव सुमारे ४८ टक्के, चौदावर ५५, सोळावर जवळजवळ ६२. अशा वेळी आपण बारा किंवा अधिकवर गप्प थांबावे. स्वतः फुटण्याचा धोका घेऊ नये. दहा-अकरा असतील तर पैज दुप्पट करावी. इतकेच काय, डीलरकडे सोळा असताना आपल्या हाती दहाची दोन पाने, म्हणजे चांगले वीस, आले तरी ते फोडून दोन डाव करावेत. नेहमीच्या ब्लॅकजॅकमध्ये वीस फोडणारा अडाणी समजला जातो. इथे तो जाणकार ठरतो, कारण समोरचा किती दुबळा आहे हे उघड दिसते आहे. डीलरकडे सात ते अकरा असतील तर आपल्या बारासारख्या कमी बेरजेवर पान घ्यावे लागते. चार-पाच-सहा असतील तर घेऊ नये. डीलरच्या हाती एक्का असला की कोष्टक पाहणेच बरे. ते मी इथे देत नाही, आमच्या मुद्रकावर दया म्हणून.

खरी मौज पुढे आहे. डीलरकडे सतरा ते वीस अशी पक्की बेरीज आली तर तो थांबणार, हे निश्चित. मग नियम एकच. त्याच्या पुढे जाईपर्यंत पान घेत राहावे. त्याचे अठरा आणि आपले अठरा, तर बरोबरी त्याची, म्हणून पान घ्यावे. आणि त्याचे वीस, आपलेही वीस, तर?

पान घ्यावे.

वीसवर पान मागताना हात थरथरतो. वीस म्हणजे उत्कृष्ट बेरीज. ती मोडायची, आणि मोडून केवळ एक्का आला तरच निभावणार. तेरांत एक वेळ. बारा वेळा डाव फुटणार आणि टेबलाभोवतीची मंडळी आपल्याकडे खुळ्यासारखे पाहणार. पण थांबलो तर तेरांत तेरा वेळा हार. बारा वेळा चुकीचा दिसणारा हा निर्णय तेराही वेळा बरोबर असतो.

हे कोष्टक प्रथम समजले त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि त्याचे कारण पत्ते नव्हते.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. पांढुर्ण्यात मी नवा होतो. पावसाळ्यातल्या एका रात्री सातव्या महिन्यात जन्मलेले बाळ आले. वजन अकराशे ग्रॅम, श्वासागणिक कण्हणे, छाती आत ओढली जात होती. माझ्याजवळ ऑक्सिजन होता, उबेची पेटी होती. कृत्रिम श्वासाचे यंत्र गावात नव्हते, फुप्फुसे उघडण्याचे औषधही नव्हते. इथे ठेवले तर सकाळ दिसणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होते. दोन्ही पाने उघडी होती. नागपूर शंभर किलोमीटरच्या आसपास, रस्ता फुटलेला, जीप भाड्याची. मी पाठवा म्हटले. आमची परिचारिका बाळाला कापसात गुंडाळून, हाताने श्वास देत सोबत निघाली. सावनेरच्या अलीकडेच बाळ गेले.

आठवड्याने त्याची आजी दवाखान्यात आली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. ती बाकावर बसून राहिली आणि रुग्ण संपल्यावर एवढेच म्हणाली, “डाक्टरसाहेब, इथंच ठेवलं असतं त वाचलं असतं का जी?”

मी नाही म्हटले. ते खरेच होते. पण त्या उत्तरावर माझाच पुरता विश्वास नव्हता, आणि पुढची कित्येक वर्षे तशी वेळ आली की पाठवण्याचा शब्द उच्चारताना मी अडखळत असे. एकदा-दोनदा तर अर्धा तास अधिकच अडखळलो. ती मुले माझ्याकडेच गेली. त्यांच्या नातेवाइकांनी मला कधीही काही विचारले नाही. रस्त्यात गेले तर डॉक्टरने पाठवले म्हणून गेले. दवाखान्यात गेले तर देवाने नेले. वीसवर थांबणाऱ्याला कुणी दोष देत नाही.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख आत्मसमर्थन होईल. गोटमारीचा दिवस होता. त्या दिवशी पांढुर्ण्यातल्या डॉक्टरला विशेषज्ञता उरत नाही. जाम नदीवरून जखमी येत राहतात आणि जो दिसेल त्याने टाके घालायचे असतात. त्या गर्दीत सावरगावचे एक चार वर्षांचे मूल तापाने आणले होते. मी घसा पाहिला, औषध लिहिले, घरी धाडले. पहाटे तीनला जाग आली ती या आठवणीने की मी त्याची मान तपासलीच नव्हती. मूल सुस्त होते, एकदा उलटी झाली होती, आणि मी मान वाकवून पाहिली नव्हती. उजाडताच स्कूटरवर त्यांच्या घरी गेलो. मूल अंगणात मुरमुरे खात होते. ताप उतरला होता. साधा विषाणूज्वर.

त्या घराला आजतागायत वाटते की डॉक्टरसाहेब काळजीपोटी स्वतः घरी आले. मृग बहार उतरला की दरवर्षी संत्र्यांचे खोके माझ्या दारी येते. मी खरे काय ते सांगण्याचा एकदा प्रयत्न केला. ते त्यांनी विनयात जमा केले. अस्थिरोगतज्ज्ञ मित्राचे अकरा हजार आणि ही संत्री मी एकाच खात्यात मांडतो.

आता पैशाचे. तासाला साठ डाव आणि डावाला शंभर रुपये धरले, तर पाऊण टक्क्याच्या हिशेबाने तासाला सरासरी पंचेचाळीस रुपये तोटा. पण त्याच साठ डावांतला नशिबाचा चढउतार सहज आठ-नऊशे रुपये इकडे किंवा तिकडे असतो. पंचेचाळीसचा झिरपा त्या लाटेत दिसणार कसा? म्हणून एका संध्याकाळच्या अनुभवावरून कुणालाही काही शिकता येत नाही, आणि प्रत्येक जण काहीतरी शिकून उठतो. शिवाय कॅसिनोवरील वस्तू व सेवा कर ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के आणि सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला आहे. तो चिप घेताना भरलेल्या रकमेवर बसतो. जिथे दरवाजातच हा बोजा आहे, तिथे पाऊण टक्क्याची कोष्टके पाठ करणे हा निव्वळ बुद्धिविलास.

साठ डावांचा वेग टेबलाचा, जिथे पाने पिसावी लागतात. मोबाईलवर पिसणे नाही, थांबणे नाही. तीन वर्षांपूर्वी सौंसरकडच्या एका खेड्यातून सोळा वर्षांच्या मुलाला डोकेदुखीसाठी आणले होते. चष्म्याची तपासणी झाली होती, नागपुरात डोक्याचा स्कॅनही झाला होता. वडिलांना बाहेर बसवून बोललो तेव्हा कळले की मूल रात्री दोन-अडीचपर्यंत वडिलांच्या फोनवर पत्ते खेळत होते. बागेच्या सौद्याची विसार म्हणून व्यापाऱ्याने खात्यात टाकलेल्या पैशांतले चव्वेचाळीस हजार गेले होते. त्याने मला सांगितले, “सर, मी पद्धतीने खेळत होतो. तीन वेळा हरलो की चौथ्यांदा येतेच.” येत नाही. पानांना मागचा डाव आठवत नसतो. डोकेदुखी पैशांची होती, झोपेची होती, आणि वडिलांना कसे सांगायचे याची होती. ते सांगणे आम्ही माझ्याच खोलीत, दार लावून केले. वडील बराच वेळ भिंतीवरच्या वाढीच्या तक्त्याकडे पाहत राहिले, मग म्हणाले, “आधी जेवला का तू?” जुगाराचे व्यसन हा आजार म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या रोगवर्गीकरणात व्यसनांच्याच रांगेत बसवला आहे. पैशाच्या ऑनलाईन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला. पण बाह्यरुग्ण विभागात डोकेदुखी घेऊन येणाऱ्या किशोराला फोनबद्दल एकट्याने विचारण्याचे काम कायदा करणार नाही. सहकाऱ्यांनी तेवढे अवश्य विचारावे, आणि स्कॅनच्या आधी विचारावे.

इतके लिहून मी पत्ते खेळणे सोडले, असा समज होऊ नये. दिवाळीनंतरच्या शनिवारी आम्ही पाच-सहा जण माझ्या गच्चीवर डबल एक्स्पोजर खेळतो, चिंचोके लावून. नलराजा बेहड्याच्या फळांनी द्यूत खेळून राज्य हरला. मग दमयंतीच्या विदर्भाकडे रथ हाकताना ऋतुपर्णाने एका बेहड्याची पाने आणि फळे फांदी पाहून मोजून दाखवली आणि द्यूताचे रहस्य त्याला शिकवले. अयोध्येहून विदर्भात येणारा रथ सातपुड्यातून, म्हणजे आपल्याच घाटांतून, उतरला असावा असे मानायला मला आवडते. त्या मानाने आमचे चिंचोके निरुपद्रवी. डीलर आळीपाळीने होतो, कोष्टक भिंतीला टांगलेले असते, आणि वीसविरुद्ध वीस आले की सगळे माझ्याकडे पाहतात. मी पान मागतो. गेल्या तीन वर्षांत एकदाच एक्का आला आहे, तोही चौकटचा.

अस्थिरोगतज्ज्ञ मित्र अजून वीसवर थांबतात. “हातचं चांगलं कशाला मोडायचं, डॉक्टर?” असे दर वेळी म्हणतात आणि दर वेळी तो डाव हरतात. यंदाच्या हिशेबात ते सर्वांच्या पुढे आहेत. माझ्याकडून त्यांना चारशे दहा चिंचोके येणे आहे.